ऑकलंड ते व्हँकुव्हर, मार्गे पांढरकवडा

विमान कोणाचंही असो, ते हवेत आहे तोवर आमचे घरमालक काका झोपत नसत. कोणाचंही म्हणजे पांढरकवड्यातल्या कोणाचंही. मेडिकलवाल्याची मुलगी सिंगापूरला निघाली, तांड्यावरच्या एखाद्या मुलाला मस्कतला ट्रक चालवायची नोकरी लागली, की घरची माणसं आधी देवापुढं नारळ फोडत आणि मग आमच्या ओट्यापाशी येऊन काकांना सांगून जात. काका एवढंच विचारत, "किती तासाची सर्व्हिस हाय?"

त्यांची सगळी हयात बस चालवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारात निघालेल्या एका बसमधली ड्रायव्हरची सीट मिळवली आणि हायवेवरच्या वेल्डरकडून तिला लोखंडी पाय बसवून घेतले. ती सीट ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून ठेवलेली असे. एरवी तिच्यावर शेजारची मांजर झोपायची. पण कोणी उडणार असलं की काका सकाळीच अंघोळ करून खाकी शर्ट घालत, बुटांना पॉलिश करत, मांजरीला हात जोडून उठवत आणि त्या सीटवर जाऊन बसत. मग पेपर नाही, रेडिओ नाही, कोणाशी लांबलचक गप्पा नाहीत. विमान उतरल्याचा फोन येईपर्यंत नुसतं बसणं. जेवायचं ते हातात भाकर घेऊन, तीही निम्मी. पोटभर जेवलं की डोळा लागतो, हा त्यांचा जुना अनुभव होता.

मी तिकडं पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून गेले, सांगलीकडून. त्यांच्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या. सामान उतरवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाहेर पडले, तर हे कडक इस्त्रीत ओट्यावर बसलेले. मला वाटलं, कुठं लग्नाला निघालेत. जंगलाकडच्या गावात वाघानं गाय मारली होती, तिचा पंचनामा करून मी उन्हं कलल्यावर परत आले, तरी हे तिथंच. मी विचारलं, "काका, गाडी आली नाही का अजून?" ते म्हणाले, "गाडी आपली नाही. पोरगी निंघाली ऑकलंडहून. आता सिंगापूरच्या अलीकडं असन."

मला आधी काही कळलंच नाही. मग चहा घेताना त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. ड्रायव्हर कधी एकटा नसावा. गाडीत पन्नास माणसं घोरत असली तरी एक जण तरी त्याच्या सोबतीनं जागा पाहिजे. त्यांच्या वणीच्या गाडीला एक म्हातारे मास्तर नेहमी असायचे. ते मागच्या सीटवरून दर थोड्या वेळानं विचारत, "कोणतं गाव आलं?" मास्तरांना तो रस्ता पाठ होता, मारेगाव कधी येतं आणि करंजी कधी, हे त्यांना डोळे मिटूनही कळे. तरी ते विचारत. "थे माह्यासाठी विचारत होते," काका म्हणाले. "आता इमानाच्या डायवरले कोण विचारते? दार लावून घेते म्हंतात थो."

म्हणून हे इथं बसत. वरच्या ड्रायव्हरला जागं ठेवायला.

गावानं आधी चेष्टा केली असणार. मी गेले तोवर मात्र ती रीतच होऊन गेली होती. तांड्यावरची एक बाई तिचा मुलगा मस्कतहून यायचा त्या दिवशी पहाटेच यायची आणि ओट्याच्या पायरीवर बसून राहायची. मधूनच ती "मारो छोरा..." म्हणून तिच्या बंजारा गोरबोलीत काहीतरी बोले आणि काका मराठीत उत्तर देत, "येते, येते. चांगला डायवर हाय." ड्रायव्हर चांगला आहे हे यांना कसं कळलं, असं तिनं कधी विचारलं नाही.

एक नियम मात्र ते कसोशीनं पाळत. दोन तासांच्या आतल्या विमानासाठी ते बसत नसत. कोणी म्हणालं की मुलगा नागपूरहून पुण्याला चाललाय, तर ते म्हणत, "येवढ्यासाठी कपडे कायले बदलवू?" माझ्या आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मला तातडीनं पुण्याला उडावं लागलं. आयुष्यातलं पहिलंच विमान. मी भीतभीतच काकांना सांगितलं. ते म्हणाले, "काही नाही त्यात. बस आन उतर." आठवड्यानं परत आले तर शेजारच्या वहिनींनी सांगितलं की त्या दिवशी काका खाकी शर्ट घालून सकाळपासून ओट्यावर होते. माझं विमान उतरून मी दवाखान्यात पोहोचल्याचा फोन त्यांना उशिरा गेला होता. तोवर ते उठले नव्हते. मी विषय काढला तर म्हणाले, "मांजरीनं सीट खराब केली का पाह्यत होतो."

त्यांना दोन मुलं. थोरला नितीन कॅनडात व्हँकुव्हरला आणि धाकटी वर्षा न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला. बायको मी यायच्या काही वर्षं आधीच गेलेली. दोन्ही मुलं बापाला तिकीट पाठवायला तयार होती. पण यांचं ठरलेलं उत्तर असे, "मी वर बसलो तर खाली कोण राहीन?"

माझ्या फोनवर विमानांचा नकाशा दिसतो हे कळल्यापासून ते मला बोलवू लागले. त्यावरचं पिवळं इवलंसं विमान त्यांना विश्वासाचं वाटत नव्हतं. त्यांना खालच्या गावांची नावं हवी असत. नावं वाचून दाखवली की ते मान हलवत, जणू त्या गावांच्या स्टँडवर गाडी लावून आलेत. समुद्र लागला की मात्र अस्वस्थ होत. "गाव नाही, ढाबा नाही, पंक्चरवाला नाही," ते म्हणायचे. "असा कसा रस्ता?"

असंच एकदा त्यांनी विचारलं, "डाक्टरबाई, ऑकलंडहून व्हँकुव्हरले किती वेळ लागते?"

मी शोधून सांगितलं. सरळ विमान आहे, अकरा हजार किलोमीटरच्या वर अंतर, साडेतेरा तासांच्या आसपास लागतात. त्यांनी ऐकून घेतलं. महिन्याभरानं पुन्हा तेच विचारलं. मग पुन्हा. मला वाटलं, वयामुळं विसरत असतील. पण बाकीचं सगळं त्यांच्या लक्षात राही. कोणत्या गावाला कोणतं विमान किती वेळात जातं, ते मला न विचारता सांगत. हाच एक रस्ता ते परत परत विचारत.

कारण मला शेजारच्या वहिनींकडून कळलं. बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आई आजारी पडली तेव्हा नितीन आधी आला. तिची तब्येत एकदम ढासळली म्हणून वर्षाही निघाली, पण ती वाटेत असतानाच आई गेली. मे महिना होता. नागपूरच्या दवाखान्यातून देह घरी आणलेला, उन्हानं पत्रे तापलेले, आणि सिंगापूरहून निरोप आला की विमान लेट आहे. घरात नातेवाईक जमलेले. कोणी म्हणे थांबा, कोणी म्हणे आता थांबवत नाही. शेवटी थांबले नाहीत. वर्षा संध्याकाळी हैदराबादहून गाडीनं आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. कोणी ठरवलं, असं तिनं विचारलं. नितीन म्हणाला, "मी." त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. तेराव्यापर्यंत एका घरात राहूनही ती त्याच्या ताटाशेजारी बसली नाही.

तेव्हापासून दोघं घरी येत, पण एकाच वेळी कधीच नाही. एका दिवाळीनंतर तर कमालच झाली. नितीन सकाळी नागपूरला निघाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी वर्षा हैदराबादहून येणार होती. काका दोघांसाठी एकदम सीटवर बसले. दुपारी मी डबा खायला घरी आले, तर त्यांनी मला थांबवलं.

"दोघं कुठं क्रॉस होतीन जी?"

मी विचार केला. नितीन नागपूरहून वर दिल्लीकडं जाणार, वर्षा खालून हैदराबादला उतरून आमच्याच हायवेनं वर येणार. मी म्हटलं, "कुठंच नाही, काका. तो उत्तरेला गेला, ती दक्षिणेकडून येतेय."

"म्हंजे क्रॉसिंगच नाही."

"नाही."

ते रस्त्याकडं बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं की समोरून डेपोची गाडी आली की ते तिच्या ड्रायव्हरला सलामीचा हात दाखवायचे. त्या ड्रायव्हरशी भांडण असलं तरी दाखवायचे. रस्त्यात हात न दाखवणं ही फार मोठी गोष्ट समजायचे.

वर्षा आली. उंच, बापासारखंच लांब नाक, बोलायला मोकळी. परदेशात इतकी वर्षं राहूनही घरी पाऊल टाकताच तिची वऱ्हाडी सुरू व्हायची. ती माझ्याकडं चहाला यायची आणि गुरांच्या इंजेक्शनांबद्दल खोदून खोदून विचारायची. तिच्या परतीला दोन दिवस उरले होते. आम्ही ओट्यावर चहा पीत होतो आणि काका सीटवर न बसता खाली आमच्यासमोर सतरंजीवर बसले. मी उठायला लागले, तर म्हणाले, "तुम्ही बसा, डाक्टरबाई. एकट्यानं मले जमत नाही."

मग त्यांनी कपबशी बाजूला ठेवली.

"वर्षा, तुह्या मायच्या वक्ती नित्यानं काही म्हंतलं नव्हतं. उचला असं मी म्हंतलं होतं."

वर्षानं हातातला कप खाली ठेवला.

"थो शेवटपर्यंत थांबू थांबूच म्हणत होता. पण इमान लेट हाय असा निरोप आला. मी स्टँडवर जिंदगी काढली, पोरी. लेट हाय म्हंतलं की माह्या मनानं गाडी रद्दच. मले वाटलं तू येत नाहीस. मले वाटलं तुहंही काही झालं. तिले तशी ठेवून बसणं माह्याच्यानं झालं नाही."

"मंग दादा काहून बोलला नाही?" वर्षानं विचारलं.

"मीच सांगणार होतो तुले. त्यानं माहा हात धरला. म्हणे, बाबा, तिले यायले एक घर राहू द्या. माह्यावर राग धरन तर चालन मले." त्यांनी सतरंजीचं टोक सरळ केलं. "आन मी चालू देलं. इतके साल चालू देलं."

रस्त्यावरून कापसाची गाडी गेली.

"मी वाट पाह्यली नाही तेव्हा," काका म्हणाले. "म्हून आता पाह्यतो. कोणाचंही असो."

ड्रायव्हरला जागं ठेवायचं ते त्यांनी मला खोटं सांगितलं नव्हतं. ते खरंच होतं. पण ते सांगता येण्याजोगं कारण होतं.

वर्षा रडली नाही, भांडली नाही. तिनं तिघांचे कप गोळा केले आणि आत जाऊन धुतले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, तीनच कपांसाठी. पुढचे दोन दिवस ती कामापुरतं बोलली. निघताना तिनं बापाला वाकून नमस्कार केला, टॅक्सीत बसली आणि हैदराबादकडं गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. काका सीटवर जाऊन बसले. ऑकलंडला उतरल्यावर तिचा निरोप आला तो माझ्या फोनवर. एकच शब्द, 'पोहोचले'. मी तो काकांना वाचून दाखवला. त्यांनी फोन हातात घेऊन स्वतःही पाहिला आणि परत दिला.

नंतरचे आठवडे फार वाईट गेले. दर रविवारी येणारा तिचा फोन बंद झाला. काका रविवारी फोन पुढ्यात ठेवून बसायचे आणि दुपार झाली की आत जायचे. दाढी वाढली. मेडिकलवाला सांगायला आला की मुलगी उद्या परत सिंगापूरला चालली आहे, तर काका त्याला म्हणाले की दुसऱ्या कोणाला बसवा, माह्याच्यानं होत नाही. तो बिचारा माझ्याकडं पाहायला लागला. दुसरं कोण बसणार होतं? शेवटी तांड्यावरची ती बाई, जिच्या मुलासाठी काका नेहमी बसायचे, तिला कुठून तरी कळलं. ती आली आणि दिवसभर पायरीवर बसून राहिली, मेडिकलवाल्याच्या मुलीसाठी. सीटला तिनं हात लावला नाही. काका दारातून तिला पाहत होते. चार वाजता त्यांनी तिला चहा आणून दिला आणि स्वतः शेजारी टेकले.

नितीनला मी फोन करावा असं माझ्या मनात अनेकदा आलं. पण बापानं इतक्या उशिरानं जे उघडं केलं होतं, त्यात मी हात घालणं बरं दिसलं नसतं.

संक्रांतीच्या आसपास एका सकाळी मी दवाखान्यात निघायच्या घाईत होते. काका फोन हातात धरून माझ्या दारात आले. त्यांना स्पीकर लावता येत नव्हता. मी लावून दिला.

"बाबा," वर्षाचा आवाज आला, "शनिवारी बसाल का?"

"कायले?"

"दादाकडं चालली मी."

काकांनी दाराची चौकट धरली. पलीकडून तिनं विचारलं, ऐकू येतंय का. तेव्हा ते म्हणाले, "किती तासाची सर्व्हिस हाय?" त्यांना माहीत होतं. माझ्याकडून त्यांनी कितीदा तरी विचारून घेतलं होतं. पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ती हसली आणि तिनं सांगितलं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला वेळापत्रक विचारलं, आणि मी अडचणीत आले. कारण ते विमान ऑकलंडहून शनिवारी दुपारी निघतं आणि व्हँकुव्हरला शनिवारी सकाळी पोहोचतं. काकांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. मी संत्रं घेतलं, पेनानं त्यावर दोन ठिपके काढले, सूर्य म्हणून त्यांची बॅटरी धरली आणि तारीख जिथं बदलते ती समुद्रातली रेघ दाखवली. ते नीट ऐकत होते.

"म्हंजे निंघाच्या आधीच पोहोचते."

"घड्याळात तसं दिसतं. प्रवासाचे तास तेवढेच लागतात."

त्यांनी संत्रं हातात घेतलं आणि त्या रेघेवरून अंगठा फिरवला. "असं जर तेव्हा..." असं काहीसं म्हणाले. मग आम्ही ते संत्रं सोलून खाल्लं.

शनिवारी आमच्याकडं उजाडतानाच ते विमान सुटणार होतं. काकांनी दाढी केली होती. थंडी होती म्हणून खाकी शर्टावर स्वेटर चढवला होता, आणि बटणं दिसावीत म्हणून तो पुढून उघडा ठेवला होता. मी सुट्टी घेतली. बातमी कशी फुटली माहीत नाही, पण दिवसभर माणसं येत राहिली. मेडिकलवाला दुकान उघडायच्या आधी येऊन गेला. तांड्यावरची बाई भाकरी आणि लाल ठेचा घेऊन आली आणि पायरीवरची तिची जागा धरून बसली. वहिनींनी दोनदा चहा केला. काका अधूनमधून विचारत, "खाली काय हाय?" आणि मी नकाशात पाहून म्हणे, "समुद्र." पुन्हा विचारत, पुन्हा समुद्र. त्या रस्त्यावर सगळं निळंच होतं. दुपारी एका बेटाचं नाव दिसलं तेव्हा मी ते इतक्या आनंदानं वाचलं की ते हसले. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं.

तिसऱ्या प्रहरी माझ्या नकाशावरून विमान गायब झालं. समुद्रावर असं होतं, थोड्या वेळानं परत दिसतं, हे मी त्यांना सांगितलं. मी नकाशा बंद करून पुन्हा उघडला. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते शांत होते.

"येते," ते म्हणाले. "लेट झालं तरी येते."

थोड्या वेळानं ते परत दिसलं.

दिवेलागण होऊन गेली होती. जेवणाच्या वेळेला विमान उतरल्याचं नकाशात दिसलं, आणि मग मात्र फोन येईना. सामान मिळेपर्यंत, तपासणी होईपर्यंत वेळ जाणारच होता. तरी ओट्यावर कोणाला बसवत नव्हतं. अखेर नितीनचा फोन आला. काकांनी तो माझ्या हातात दिला, मी स्पीकर लावला.

"बाबा, आली," नितीन म्हणाला. मागं विमानतळाचा गलका ऐकू येत होता. "काही बोलून नाही राह्यली. नुसती मले धरून उभी हाय."

"मंग तूही नको बोलू," काका म्हणाले.

तांड्यावरच्या बाईनं पदर तोंडाला लावला. पलीकडून हुंदका आला, तो कोणाचा ते कळलं नाही. मग बराच वेळ नुसती खुडबुड, चाकांचा खडखडाट, दारं उघडल्याचा आवाज. फोन ठेवायचं ते दोघंही विसरले होते. नितीननं तो तसाच खिशात टाकला असावा, कारण आवाज आता कापडाआडून येत होते. मी बंद करायला बोट पुढं केलं, तर काकांनी माझा हात अलगद बाजूला केला.

"बॅग दे इकडं," नितीन म्हणत होता.

"राहू दे. जड नाही."

"दे म्हंतलं ना."

"तू कायले घेतं? तुही पाठ दुखते ना?"

"तुले कोणं सांगतलं?"

"बाबानं. आनखी कोण सांगन?"

काका फोन कानाशी धरून ऐकत बसले होते. तिकडं गाडीचं दार लागलं. बॅग मागं ठेवायची की पुढं, यावरून दोघांचं पुन्हा सुरू झालं.